वेबसाइट आणि मधला माणूस

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दुधाच्या गावात पहाटे संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागते. दूध ओतलं की काट्यावरचा आकडा आपोआप कॉम्प्युटरमध्ये जातो, संस्थेचा माणूस थोडा नमुना काढून यंत्राला लावतो, आणि काही सेकंदांत लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम असा सगळा हिशेब पडद्यावर येतो आणि चिठ्ठीवर छापला जातो. चिठ्ठी घडी करून कमरेला किंवा खिशात. संध्याकाळी पुन्हा हेच. गोकुळ दूध संघ 1963 सालचा. त्याच्या आणि वारणेसारख्या इतर संघांच्या गावागावांतल्या संस्थांमध्ये हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडलाय की त्यात कॉम्प्युटर आहे याचं कुणाला भानही नसतं. रांगेतल्या बाईला सर्वेक्षणवाल्यानं विचारलं, कॉम्प्युटर वापरता का, तर ती सरळ नाही म्हणेल. तिच्या घरच्या दोन म्हशींचा अख्खा हिशेब मात्र वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवरच चाललेला असतो, आणि परवा फॅट पाच पॉइंटनं का घसरली म्हणून ती त्या पडद्याशी भांडतेही.

सरकारी आकडेवारीत हे भांडण दिसत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या फेरीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी 4.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता, आणि पाच वर्षांवरच्या ग्रामीण माणसांपैकी 13 टक्क्यांना इंटरनेट वापरता येत होतं. हे आकडे आता जुने झाले. त्यानंतर स्वस्त डेटा घरोघरी पोचला. पण मोजण्याची पद्धत तीच आहे: यंत्र घरात आहे का, हाताळता येतं का. या प्रश्नांमागे एक गृहीत आहे की कॉम्प्युटर आणि माणूस यांच्यामध्ये तिसरं कुणी नसतं. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याचा गेल्या पंचवीसेक वर्षांचा अनुभव नेमका याच्या उलट आहे. सामान्य माणसाच्या वाट्याला आलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातून आला. दूध संस्थेचा सेक्रेटरी, साखर कारखान्याचा उसाची नोंद घेणारा चिटबॉय, सेवा केंद्राचा चालक, अंगणवाडी सेविका, नाहीतर बारावीतला पुतण्या. हा मधला माणूस म्हणजे अडाणीपणाची खूण, चार-दोन वर्षांत नाहीसा होणारा टप्पा, असं धोरण आखणाऱ्यांनी धरलं. माझं म्हणणं असं की तो व्यवस्थेचा भाग आहे. त्याला कागदावरून पुसल्यानं तो जात नाही, फक्त बेहिशेबी होतो.

याचा सगळ्यात चांगला पुरावा याच जिल्ह्यात आहे. वाजपेयी सरकारनं 1998 साली माहिती तंत्रज्ञानासाठी कृती दल नेमलं आणि त्याच वर्षी वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं त्यात होती. खर्च केंद्र, राज्य आणि साखर कारखान्याभोवती उभा राहिलेला वारणा सहकारी समूह यांनी वाटून घेतला, तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं सांभाळली, आणि गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रं उभी राहिली. बेत मोठा होता. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य, सरकारी योजना, सगळं गावातल्या एका खोलीत मिळणार होतं. मुंबईत, पुण्यातसुद्धा तेव्हा सायबर कॅफे नवलाईचे होते. अशा काळात पन्हाळा, हातकणंगले, शिराळ्याकडच्या गावांत ही केंद्रं उघडली म्हणून देश-परदेशातले पाहुणे बघायला आले.

प्रत्यक्षात लोकांनी त्यातून काय उचललं? राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा या मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी काही वर्षांनी हे तपासलं. त्यांना दिसलं ते साधं होतं. केंद्रातला कॉम्प्युटर जवळजवळ पूर्णपणे उसाच्या कामाला लागला होता. नोंद झाली का, तोड कधी, वजन किती भरलं, खत किती उचललं, बिलातून काय कापलं. शेतकरी यंत्राला हात लावत नव्हता. तो चालकाला विचारायचा, चालक कळ दाबायचा, कागद निघायचा. संशोधकांनी मग सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रातले कॉम्प्युटर बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणलं. ठरलेल्या खुणेचा संदेश पाठवला की कारखान्याच्या यंत्राकडून उत्तर यायचं. कॉम्प्युटरवर जे जे होत होतं ते सगळं एसएमएसवर झालं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत जास्त आवडली. त्यांचा शोधनिबंध 2007 सालचा आहे. तेव्हा शेतकऱ्यांच्या खिशात स्मार्टफोन नव्हता.

या प्रकरणाचा निकाल दोन टोकांनी लावला जातो. एक म्हणतात प्रकल्प फसला, कारण जगाचं ज्ञान द्यायला निघाले आणि उसाचं वजन सांगून थांबले. दुसरे म्हणतात, वजन कळलं हेच खूप झालं. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. हा प्रयोग वारणेतच का झाला? तात्यासाहेब कोरे यांनी पन्नासच्या दशकात सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवल्यापासून तिथे सभासद, गट, नोंदवही, पावती, सर्वसाधारण सभा असं सगळं होतं. प्रत्येक सभासदाचं खातं होतं. लागणीची तारीख धरून तोडीचा क्रम लावायचा, ही पद्धत होती. ज्याच्या फडात टोळी शिरायला महिनाभर उशीर होतो त्याचा ऊस वाळतो, पुढचा खोडवा मागे पडतो आणि रब्बीचं पीक हातचं जातं. म्हणून ‘माझी तोड कधी’ हा प्रश्न कॉम्प्युटर येण्याआधीपासून दर हंगामात विचारला जात होता. कॉम्प्युटरनं प्रश्न जन्माला घातला नाही, हिशेबही जन्माला घातला नाही. हेलपाटा वाचवला. तोयामांनी पुढे 2015 मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, त्यातला मुख्य मुद्दा हाच आहे की तंत्रज्ञान आधी असलेल्या ताकदीला बळ देतं, नसलेली ताकद निर्माण करत नाही. वारणेत सहकार होता म्हणून कॉम्प्युटर चालला. नुसती खोली आणि यंत्र देऊन बघितलेल्या कित्येक गावांत त्या यंत्रावर धूळ साचली.

एसएमएसचा प्रयोग माझ्याच म्हणण्यावर उलटतो, असं कुणी म्हणेल. मधला माणूस काढला आणि काम सुधारलं की नाही? सुधारलं, आणि का सुधारलं ते बघितलं की एक रेघ स्पष्ट दिसते. शेतकरी त्या एसएमएसवर आपल्या खात्यातलं बघत होता. उसाची मूळ नोंद मात्र कारखान्याचा माणूस फडावर येऊनच होत होती आणि आजही ती बहुतेक तशीच होते. बघायला मधला माणूस लागत नाही, भरायला लागतो. बघताना चूक झाली तर पुन्हा बघता येतं. भरताना चूक झाली तर कुणाचं तरी नाव कटतं, पैसे अडकतात, आणि ती चूक कुणी दुरुस्त करायची हे कुठल्याच पडद्यावर लिहिलेलं नसतं.

बघण्यात कोल्हापूरकर किती तरबेज आहेत, हे पावसाळ्यात कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाहिला जाणारा आकडा म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. इशारा 39 फुटांवर, धोका 43 फुटांवर, हे शाळकरी पोरालाही पाठ. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. एक उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं, आणि कितवा दरवाजा उघडला हे भोगावती काठच्या गावांना रात्री दोन वाजतासुद्धा मोबाइलवर कळतं. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर तर प्रयाग चिखली-आंबेवाडीच्या माणसांनी या आकड्यांवरून जनावरं कधी हलवायची याची आपापली गणितं बसवलीत. यासाठी कुणी त्यांचा प्रशिक्षण वर्ग घेतला नव्हता. प्रश्न जिवाचा होता, उत्तर एका आकड्यात होतं, भाषा मराठी होती. बाकी काही लागलं नाही. तीच गोष्ट बाजार समितीतल्या गुळाच्या दराची, यूट्यूबवरच्या खोडकिडीच्या उपायांची, वडगावच्या जनावरांच्या बाजारातल्या व्हिडिओंची. साठीतली माणसं हे सगळं रोज बिनधास्त बघतात, आणि त्याच हातांनी बँकेचं केवायसी करायची वेळ आली की मोबाइल पुतण्याकडे देतात. हे अज्ञान आहे असं मला वाटत नाही. चुकीची किंमत ओळखण्याचा शहाणपणा आहे.

आता भरण्याकडे. गेल्या दहा वर्षांत सरकारनं बरीच भरणी नागरिकाच्या अंगावर टाकली, आणि दर वेळी मधला माणूस मागच्या दारानं परत आला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी पीकपेरा तलाठी लावायचा, बऱ्याचदा चावडीत बसूनच. आता शेतकऱ्यानं आपल्या मोबाइलवर ॲप घेऊन, बांधावर उभं राहून, फोटोसह पीक नोंदवायचं. कल्पना चांगलीच होती. पण शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या डोंगरी वाड्यांत रेंज नसते, गट एक आणि वाटण्या सहा असतात, खातेदार मुंबईत आणि कसणारा भाऊ गावात असतो. शेवटी राहिलेल्या नोंदींसाठी गावोगावी सहायक नेमावे लागले. तलाठ्याचं काम शेतकऱ्याला दिलं, शेतकऱ्याचं सहायकाला. लाडकी बहीण योजनेत 2024 च्या पावसाळ्यात हेच घडलं. अर्ज ॲपवर होता, पण भरला अंगणवाडी सेविकांनी. सरकारनंच मग पात्र अर्जामागे 50 रुपये जाहीर केले. पुढच्या वर्षी ई-केवायसी आली तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार मागितला, आणि त्याच्याशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार. ज्या बाईला दोघंही नाहीत तिचा ओटीपी कुठं येणार, हा प्रश्न पडदा तयार करणाऱ्याला पडला नव्हता. तो पडला अंगणवाडीच्या ओट्यावर, आणि मग मुदत वाढवून वेगळी सोय करावी लागली.

तुलनेला दोन कर्जमाफ्या घ्याव्यात. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यानं स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा होता. केंद्रांवर नवरा-बायकोच्या जोड्या अंगठा द्यायला दिवस दिवस बसल्या, सर्व्हर बसला तो वेगळाच, आणि याद्यांचा घोळ पुढे कित्येक महिने निस्तरत होता. डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत अर्जच नव्हता. कर्ज कुणाचं, किती, हे बँकेला आणि सेवा सोसायटीला माहीत असतंच. त्यांनी याद्या चढवल्या, शेतकऱ्यानं विशिष्ट क्रमांक बघून केंद्रावर एकदा अंगठा लावला. सरकार वेगळं, पक्ष वेगळे, त्या वादात शिरायचं कारण नाही. तंत्रज्ञान दोन वर्षांत काही आभाळाएवढं सुधारलं नव्हतं. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी, जे आधीच कुठल्या तरी वहीत होतं ते शेतकऱ्याला पुन्हा विचारलं नाही. वारणेतही हेच होतं.

मधल्या माणसाची तरफदारी करणं धोक्याचं आहे, हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो. मधला माणूस लुबाडतो. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, त्याचं सरकारी शुल्क 15 रुपये. केंद्राबाहेर पडताना खिशातून किती गेले ते ज्यानं त्यानं आठवावं. अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर घालणारे चालक आहेत, म्हणजे पुढचा प्रत्येक संदेश त्यांच्याकडे येतो आणि माणूस कायमचा बांधला जातो. पासवर्ड त्यांच्या वहीत असतात. आणि याहून मोठं प्रकरण पीक विम्याचं. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, अर्जामागे केंद्रचालकाला 40 रुपये मिळत होते. जिथे पैसे अर्जाचे मिळतात तिथे अर्ज वाढतात, मग त्या गटात पीक असो, पडीक असो की देवस्थानची जमीन. राज्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला आणि 2025 मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. तेव्हा मधला माणूस हवा असं म्हणताना कसा हवा, हे सांगणं भाग आहे.

त्याचं उत्तर दूध संस्थेत आहे. तिथला सेक्रेटरी काही संत नसतो. फॅट मारल्याच्या तक्रारी प्रत्येक गावात ऐकू येतात, काटामारीवरून तर ऊसपट्ट्यात आंदोलनं झाली आहेत. पण त्याच्यावर तीन पहारे असतात. चिठ्ठी लगेच हातात पडते आणि ती मराठीत असते. दहा दिवसांचं बिल त्या चिठ्ठ्यांशी ताडून बघता येतं. आणि फारच झालं तर बाई किटली उचलून समोरच्या दुसऱ्या संस्थेत जाते, शिवाय वार्षिक सभेत चार लोकांत विचारते. सेवा केंद्रावर यातलं काय आहे? पोचपावती मिळते ती अर्ज क्रमांकाची. आपल्या नावानं आत काय भरलं, उत्पन्न किती दाखवलं, नंबर कुणाचा टाकला, यातलं काही तिच्यावर नसतं. पडदा चालकाकडे वळलेला असतो. दरपत्रक लावायचा नियम आहे, आणि ते लावलेलं असतंही, बहुधा झेरॉक्स मशीनच्या मागे.

दुसरा आक्षेप तरुणांचा आहे: आणखी दहा वर्षांत सगळे स्वतः करतील, एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम केलेली पिढी आता पोरांची आई-बाप झाली. अंशतः खरं आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं (एमकेसीएल) 2001 पासून हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत नेला, आणि त्यातून सगळ्यात जास्त काय घडलं असेल तर हेच मधले लोक घडले. कागल, गडहिंग्लज, गारगोटीत आज फॉर्म भरून देणारी मुलं-मुली त्याच वर्गांतून निघाली. पण त्यांच्यातलेही किती जण स्वतःचं आयकर विवरणपत्र स्वतः भरतात? पुण्यात संगणक कंपनीत काम करणारा इंजिनिअरसुद्धा सीएकडे जातो आणि त्याला कुणी डिजिटल निरक्षर म्हणत नाही. त्याचा मधला माणूस नोंदणीकृत आहे, सही करतो, चुकला तर जबाबदार धरला जातो. शेतमजूर बाईचा मधला माणूस मात्र आपल्याला मागासलेपणा वाटतो. ही नजर बदलली पाहिजे असं मला वाटतं.

आणि बघताना झालेली चूक निस्तरता येते, हे मी वर म्हटलं त्याला एक मोठा अपवाद आहे, तोही कोल्हापुरातलाच. जून 2023 मध्ये काही मोबाइल स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. शाहू महाराजांच्या गावात हे व्हावं याची चुटपुट अनेकांना लागली. स्टेटस ठेवायला कुणाची मदत लागत नाही, पावती नसते, आणि चुकीची किंमत ठेवणारा सोडून दुसऱ्याच कुणाच्या दुकानाची काच देते. कुणीच मध्ये नसलं की सगळं आपोआप स्वच्छ होतं, असं मानणाऱ्यांनी तो आठवडा लक्षात ठेवावा.

करायचं काय, याची यादी लांबवत नाही. जे सरकारच्या एका वहीत आहे ते दुसऱ्या खिडकीवर पुन्हा विचारू नये. कर्जमाफीत जमलं ते बाकी ठिकाणीही जमायला हरकत नाही. चालकाला मोबदला अर्जांच्या संख्येवर देण्याऐवजी तडीस गेलेल्या, टिकलेल्या अर्जांवर द्यावा. कुटुंबातला किंवा गावातला माणूस दुसऱ्याच्या वतीनं भरतो आहे हे पडद्यानं मान्य करावं, त्याचं नाव नोंदवावं, म्हणजे चूक झाली तर कुणाला धरायचं ते कळेल. आणि दुधाच्या चिठ्ठीसारखी एक मराठी चिठ्ठी: काय भरलं, कुणाच्या नावानं, किती पैसे घेतले, नंबर कुणाचा. छापायला दहा सेकंद लागतात.

हे नियम होतील तेव्हा होतील. तोवर केंद्रावर अर्ज भरायला जाल, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाल, तेव्हा ‘सबमिट’ दाबण्याआधी चालकाला पडदा आपल्याकडे वळवायला सांगा आणि मोबाइल नंबरच्या रकान्यात कुणाचा नंबर आहे तेवढा वाचून घ्या.